सगळ्यांना एक डोस, की एकाला वेळेवर?

साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला, की पंढरपूर-टेंभुर्णी रस्त्यावरच्या करकंबच्या परिसरात ऊसतोड टोळ्या उतरतात. रिकाम्या रानात कोप्या उभ्या राहतात. अंधारातच आई-वडील कोयता घेऊन फडात जातात आणि तान्ही मुले पाचटाच्या सावलीत मोठ्या भावंडाच्या ताब्यात राहतात. रात्रीची थंडी, कोपीतल्या चुलीचा धूर आणि दिवसभराची धूळ यांतून सर्दी-खोकला सुरू होतो. दोन दिवसांनी बाळ अंगावर पीत नाही, त्याचे पोट उडायला लागते. तेव्हा घरच्यांपुढे ठरलेले पर्याय असतात. मेडिकलमधून ‘खोकल्याचे औषध’ आणायचे, मुकादमाकडे गाडी मागायची, किंवा उद्यापर्यंत वाट पाहायची. लहान बाळाच्या न्यूमोनियात ‘उद्यापर्यंत’ हा शब्द महागात पडू शकतो.

अशा मुलांना वाचवण्यासाठी गेल्या काही वर्षांत आफ्रिकेत एक धाडसी उपाय तपासला गेला. आजारी मूल शोधत बसायचे नाही. गावातल्या पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला, ते ठणठणीत असले तरी, दर सहा महिन्यांनी अँटिबायोटिकचा एक डोस पाजायचा. ऐकायला हे वैद्यकशास्त्राच्या शिकवणीच्या उलट वाटते. पण त्याने मृत्यू कमी झाले, हेही खरे आहे. मग हा उपाय आपल्याकडे का नको? या प्रश्नाचे उत्तर शोधताना करकंबहून आधी नायजरला आणि मग गडचिरोलीला जावे लागते.

डोळ्यांच्या औषधातून लागलेला शोध

या उपायाची सुरुवात डोळ्यांच्या आजारापासून झाली. खुपऱ्या, म्हणजेच ट्रॅकोमा, हा जिवाणूंमुळे होणारा आजार वारंवार झाला तर माणूस आंधळा होतो. तो घराघरांत पसरत असल्याने एकेका रुग्णावर उपचार करून भागत नाही. म्हणून ज्या भागात त्याचे प्रमाण जास्त, तिथे सगळ्या गावाला ॲझिथ्रोमायसिन देण्याची पद्धत पडली. हे औषध जिवाणूंची प्रथिने तयार करण्याची यंत्रणा रोखते. शरीराच्या पेशींमध्ये ते बरेच दिवस टिकून राहते, त्यामुळे एका डोसाचाही परिणाम काही दिवस मिळतो. भारतातही एकेकाळी खुपऱ्या हे अंधत्वाचे मोठे कारण होते. सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून हा आजार भारतातून संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले.

इथिओपियात खुपऱ्यांसाठी औषध वाटलेल्या गावांचा अभ्यास करताना संशोधकांना वेगळेच काही दिसले. तिथल्या मुलांचे मृत्यू औषध न मिळालेल्या गावांच्या तुलनेत जवळजवळ निम्मे होते. २००९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मात्र तो अभ्यास मृत्यू मोजण्यासाठी आखलेला नव्हता. खात्री करायची तर खास त्यासाठीच मोठी चाचणी हवी होती.

ती चाचणी ‘मॉर्डर’ या नावाने २०१४ ते २०१७ या काळात नायजर, मलावी आणि टांझानिया या तीन देशांत झाली. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे डॉ. थॉमस लिटमन आणि त्यांचे सहकारी तिच्या अग्रभागी होते. दीड हजारांहून अधिक गावे व वस्त्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या दोन गटांत विभागल्या गेल्या. एका गटातल्या एक महिना ते पाच वर्षे वयाच्या मुलांना दर सहा महिन्यांनी ॲझिथ्रोमायसिन आणि दुसऱ्या गटात तसेच दिसणारे, पण औषध नसलेले द्रव्य दिले गेले. २०१८ साली निकाल आला. औषध मिळालेल्या गावांत बालमृत्यू सुमारे १४ टक्क्यांनी कमी होते. एक ते पाच महिन्यांच्या बाळांत तर ही घट २५ टक्क्यांच्या आसपास होती.

एकच औषध, तीन देश

पण सरासरीच्या आकड्याआड एक महत्त्वाची गोष्ट दडलेली असते. नायजरमध्ये औषधाविना दर हजार मुलांमागे वर्षाला २७.५ मृत्यू होत होते. औषध दिलेल्या गावांत ते २२.५ झाले. म्हणजे हजारामागे पाच मुले वाचली. ढोबळ गणित मांडले, तर २०० मुलांना वर्षभर औषध दिल्यावर एक जीव वाचला. टांझानियात मात्र मृत्यूचे प्रमाण मुळातच ५.५ होते. ते औषधानंतर ५.४ झाले. हा फरक योगायोगापेक्षा वेगळा म्हणावा इतकाही नव्हता. तो खरा धरला, तरी एक जीव वाचवण्यासाठी १० हजार मुलांना औषध द्यावे लागले असते.

जिथे मृत्यू खूप, तिथे लाभ मोठा आणि जिथे मृत्यू कमी, तिथे लाभ नगण्य. उरतो तो फक्त औषधाचा मारा. म्हणूनच २०२० साली जागतिक आरोग्य संघटनेने या उपायाला सरसकट मान्यता दिली नाही. जिथे हजार जन्मांमागे ६० पेक्षा जास्त अर्भके किंवा पाच वर्षांखालची ८० पेक्षा जास्त मुले दगावतात, अशाच भागांत त्याचा विचार व्हावा आणि तोही एक ते अकरा महिन्यांच्या बाळांपुरता, असे तिने सुचवले.

नायजरमध्येच त्यानंतर ‘अवेनिर’ नावाची आणखी मोठी चाचणी झाली. तिचे निकाल २०२४ मध्ये आले. पाच वर्षांखालच्या सगळ्यांना औषध दिले तर मृत्यू पुन्हा १४ टक्क्यांनी कमी झाले. पण फक्त एक वर्षाखालच्या बाळांना दिले, तर ठोस लाभ दिसला नाही. तान्ह्या बाळाला जंतू बहुधा घरातल्या मोठ्या भावंडांकडून मिळतात. ती भावंडे जंतुमुक्त झाली, तरच बाळ सुरक्षित राहते, असा याचा अर्थ लावला गेला. म्हणजे लाभ हवा असेल, तर औषध अधिक मुलांना द्यावे लागते. आणि औषध जितके अधिक, तितका दुसरा धोका मोठा.

उपायाची किंमत

हा दुसरा धोका म्हणजे जिवाणूंनी औषधाला न जुमानणे. नायजरमधल्या मॉर्डरच्या गावांत मुलांच्या नाका-घशातील न्यूमोकॉकस जिवाणू तपासले गेले. दोन वर्षांनंतर औषध मिळालेल्या गावांत यातले सुमारे १२ टक्के जिवाणू या वर्गातील औषधांना दाद देत नव्हते. औषध न मिळालेल्या गावांत हेच प्रमाण सुमारे ३ टक्के होते. चार वर्षांनंतर मुलांच्या आतड्यांतील जिवाणूंमध्ये अशा प्रतिरोधाची जनुके साडेसात पटींनी जास्त आढळली.

भारतासाठी ही बाब अधिक गंभीर आहे. इथे ॲझिथ्रोमायसिन सरकारने वाटलेले नाही, तरी ते घराघरांत पोहोचलेलेच आहे. २०१९ मधील खासगी औषधविक्रीच्या एका अभ्यासात ॲझिथ्रोमायसिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी देशात सर्वाधिक खपणारे अँटिबायोटिक ठरली. घसा दुखला, सर्दी झाली, ताप आला, की तीन दिवसांची पट्टी आणायची, हे शहरात आणि खेड्यात सारखेच चालते. यातल्या बहुतेक सर्दी-खोकल्याचे कारण विषाणू असतात आणि त्यांच्यावर हे औषध चालत नाही. दुसरीकडे, टायफॉइडचे जिवाणू अनेक जुन्या औषधांना दाद देईनासे झाल्यावर तोंडाने घेता येतील अशी जी मोजकी औषधे डॉक्टरांच्या हाती उरली, त्यांत ॲझिथ्रोमायसिन आहे. ते निकामी झाले, तर साध्या टायफॉइडसाठीही सलाइन लावून इंजेक्शने देण्याची वेळ येईल. त्याचा भुर्दंड सर्वात आधी रोजंदारीवरच्या कुटुंबाला बसेल.

महाराष्ट्राचे गणित

आता हाच हिशेब महाराष्ट्राला लावून पाहता येतो. नमुना नोंदणी सर्वेक्षणाच्या २०२० च्या आकडेवारीनुसार राज्यात हजार जन्मांमागे पाच वर्षांखालची १८ मुले दगावत होती. त्यातले ११ मृत्यू जन्मानंतरच्या पहिल्या २८ दिवसांतले होते. सामूहिक औषधवाटप एक महिन्यानंतर सुरू होते, म्हणजे हे ११ मृत्यू त्याच्या कक्षेतच येत नाहीत. उरलेले सात मृत्यू जवळपास पाच वर्षांत विखुरलेले असतात. नायजरइतका, म्हणजे १८ टक्के परिणाम इथे होईल असे उदारपणे गृहीत धरले, तरी एक जीव वाचवण्यासाठी सुमारे ४ हजार मुलांना वर्षातून दोनदा औषध द्यावे लागेल. टांझानियाचा अनुभव पाहता तेवढा परिणामही मिळण्याची शक्यता कमीच.

भारतातून आलेला थेट पुरावाही सावध करणारा आहे. जुलाब झालेल्या आणि शरीरातील पाणी कमी झालेल्या किंवा कुपोषित असलेल्या मुलांना तीन दिवस ॲझिथ्रोमायसिन दिले तर मृत्यू टळतात का, हे भारतासह सात देशांत तपासले गेले. ८ हजारांहून अधिक मुलांच्या या चाचणीत सहा महिन्यांनंतरच्या मृत्यूंत ठोस फरक दिसला नाही.

मराठी मुलुखाशी अधिक जवळची चाचणी मातांवर झाली. तिच्या भारतातल्या दोन केंद्रांपैकी एक नागपूरला आणि दुसरे बेळगावला होते. सात देशांतल्या २९ हजारांहून अधिक महिलांना प्रसूतिकळा सुरू असताना ॲझिथ्रोमायसिनचा एक डोस किंवा औषध नसलेली गोळी दिली गेली. २०२३ मध्ये आलेल्या निकालानुसार मातेला गंभीर जंतुसंसर्ग होण्याचे किंवा तिचा मृत्यू होण्याचे प्रमाण २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. बाळांना मात्र लाभ झाला नाही. त्यांच्यातील जंतुसंसर्गाचे व मृत्यूचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच राहिले. एकच औषध कोणाला, कधी आणि कशासाठी दिले यावर त्याचा उपयोग ठरतो, हे यातून पुन्हा दिसले.

गडचिरोलीने धरलेली वाट

महाराष्ट्राचे आजचे आकडे बरे आहेत, म्हणून हा प्रश्न सोपा वाटतो. पण ते नेहमीच असे नव्हते. १९८८ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील १०२ गावांत न्यूमोनियाचा अभ्यास हाती घेतला. त्यातल्या ज्या ४४ गावांत संस्थेने उपचार सुरू केले नव्हते, तिथे हजार जन्मांमागे १२१ अर्भके दगावत होती. जागतिक आरोग्य संघटनेची आजची ६० ची मर्यादा लावली, तर तेव्हाचे गडचिरोली सामूहिक औषधवाटपाला सहज पात्र ठरले असते.

गडचिरोलीत मात्र वेगळे काम झाले. ५८ गावांतल्या आरोग्य कार्यकर्त्यांना आणि सुईणींना मुलाचे श्वास मोजायला शिकवले गेले. ज्यांना शंभरपर्यंत आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले साधे उपकरण तयार झाले. श्वासाचा वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की तो न्यूमोनिया समजायचा आणि को-ट्रायमॉक्साझोल हे तेव्हाचे स्वस्त अँटिबायोटिक गावातच सुरू करायचे. औषध सगळ्यांना नाही, फक्त त्या मुलाला.

१९९० साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. उपचार झालेल्या ६१२ मुलांपैकी एक टक्क्याहूनही कमी दगावली. तुलनेच्या गावांत न्यूमोनिया झालेल्यांपैकी साडेतेरा टक्के मुले दगावत होती. पाच वर्षांखालच्या एकूण मुलांचे मृत्यू तुलनेच्या गावांत हजारामागे ४०.७, तर उपचार झालेल्या गावांत २८.५ होते. म्हणजे जवळपास ३० टक्के कमी. वाचलेल्या प्रत्येक मुलामागे औषधाचा खर्च तीन डॉलरपेक्षाही कमी आला. हा अभ्यास मॉर्डरसारखा चिठ्ठ्या टाकून आखलेला नव्हता. त्यामुळे दोन्ही आकडे शेजारी ठेवून स्पर्धा लावणे योग्य नाही. पण अँटिबायोटिक तेच जिवाणू मारत असताना ते किती कमी मुलांना देऊन भागू शकते, हे गडचिरोलीने दाखवले.

पुढचा टप्पा नवजात बाळांचा होता. १९९५ पासून ३९ गावांतल्या प्रशिक्षित स्त्रिया घरोघरी जाऊन बाळाचे वजन, तापमान, अंगावर पिणे पाहू लागल्या. जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली आणि कुटुंब रुग्णालयात जायला तयार नसले, तर जेंटामायसिनचे इंजेक्शन आणि तोंडाने औषध घरीच दिले जाऊ लागले. खेड्यातल्या कमी शिकलेल्या बाईने तान्ह्या बाळाला इंजेक्शन द्यावे का, यावर तेव्हा बरीच टीका झाली. १९९९ मध्ये आकडे समोर आले. नवजात मृत्यूंचे प्रमाण हजारामागे ६२ वरून सुमारे २५ वर आले होते. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी आधी १६.६ टक्के दगावत, ते प्रमाण २.८ टक्के झाले. जे ११ मृत्यू सामूहिक वाटपाच्या कक्षेत येत नाहीत, नेमक्या त्याच वयातल्या मृत्यूंना हा उपाय भिडतो.

आशा दारात पोहोचते तेव्हा

या कामाचा विस्तार आज देशभर दिसतो. २०११ पासून आशा कार्यकर्ती रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी पहिल्या ४२ दिवसांत सहा वेळा जाते. घरीच बाळंतपण झाले असेल, तर सात वेळा. पुढे तिसऱ्या ते पंधराव्या महिन्यापर्यंतही दर तिमाहीला तिची भेट ठरलेली आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘सांस’ मोहिमेनुसार न्यूमोनियाची शंका असलेल्या मुलाला रुग्णालयात पाठवण्याआधी अमॉक्सिसिलिनचा पहिला डोस ती देऊ शकते. न्यूमोकॉकसवरची लसही सरकारी लसीकरणात आली आहे. ती सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात मोफत मिळते.

नायजरसारख्या देशाने सगळ्या मुलांना डोस देण्याचा मार्ग धरला, यामागे हेच कारण आहे. जिथे दवाखाना दूर आणि घरी येणारे कोणी नाही, तिथे आजारी मूल वेळेत सापडत नाही. म्हणून सगळ्यांनाच औषध पाजावे लागते. सामूहिक वाटप ही दारात न पोहोचलेल्या आरोग्यसेवेची भरपाई आहे. जिथे आशा दारात येते, तिथे तिची गरज उरत नाही.

पण करकंबच्या रानातल्या कोपीत आशा येते का, हा खरा प्रश्न आहे. आशाची यादी तिच्या गावातल्या कुटुंबांची असते. ऊसतोड मजुराचे मूल नोंदलेले असते बीडमधल्या किंवा दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यातल्या गावी आणि आजारी पडते पंढरपूर तालुक्यात. लसीची तारीख हंगामात येते आणि कार्ड गावाकडच्या पेटीत राहते. टोळी एका फडातून दुसऱ्या फडात गेली, की घरभेटही चुकते. राज्याच्या सरासरीत हे मूल हजारात १८ च्या हिशेबात बसते, पण प्रत्यक्षात त्याच्या वाट्याला आलेली आरोग्यसेवा त्या सरासरीची नसते. याला उत्तर म्हणून सगळ्या तालुक्याला औषध पाजण्याची गरज नाही. टोळी उतरल्यावर पहिल्या आठवड्यात पाच वर्षांखालच्या मुलांची यादी करणे, चुकलेल्या लसी देणे आणि जवळच्या आशाचा फोन नंबर मुकादमाकडे व प्रत्येक कोपीत पोहोचवणे, एवढे झाले तरी वाट पाहण्याची रात्र टळू शकते. त्यासाठी स्थलांतरित मुलांसाठी केलेल्या कामाचा मोबदला आशाला मिळायला हवा.

एका मिनिटाची तपासणी

न्यूमोनियाची शंका घ्यायला स्टेथोस्कोप लागत नाही. मूल शांत असताना किंवा झोपेत त्याच्या अंगावरचा कपडा वर करून छाती-पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजावी. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षाच्या मुलाचे ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक असतील, तर त्याच दिवशी आशाला कळवावे किंवा आरोग्य केंद्र गाठावे. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, मूल पीत नसेल, सगळे उलटून टाकत असेल, झटके येत असतील, ते गुंगीत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर थांबू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. दोन महिन्यांखालचे बाळ अंगावर पीत नसेल, तापले असेल किंवा गार पडले असेल, तर श्वास मोजत न बसता थेट रुग्णालय गाठावे.

घरात उरलेले अँटिबायोटिक मुलाला पाजू नये. मेडिकलमधून मनाने ॲझिथ्रोमायसिन आणू नये. बालकांच्या न्यूमोनियात बहुतेक वेळा पहिली निवड अमॉक्सिसिलिन असते आणि त्याचा डोस मुलाच्या वजनावर ठरतो. औषध सुरू केले, तर सांगितलेले सगळे दिवस द्यावे.

गडचिरोलीतल्या सुईणींनी ३५ वर्षांपूर्वी वाळूच्या घड्याळावर जे मोजले, ते आज कोणाच्याही मोबाइलवर मोजता येते. कोपीतल्या आईच्या हातातही मोबाइल असतो. श्वास कसे मोजायचे आणि कोणाला फोन करायचा, हे मात्र तिला कोणीतरी हंगामाच्या सुरुवातीलाच सांगायला हवे.